बल्लारपूरचे सागवान: चौकट-दारांसाठी उत्तम, सरसकट नव्हे

मूल तालुक्यातील आमच्या घराच्या चौकटी, दारे आणि खिडक्या बल्लारपूरकडच्या सागवानाच्या आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि लगेच पावसाळी दमट हवा सुरू होते. त्यामुळे येथे लाकडाची परीक्षा भार पेलण्यापेक्षा आकसण्या-फुगण्यात अधिक होते. सागवान या बाबतीत फार कमी हलते. आमचे दार उन्हाळ्यात फटी दाखवत नाही की पावसाळ्यात चौकटीत अडकत नाही, आणि केवळ एवढ्यासाठीही मी त्याची किंमत योग्य मानतो.

उधईपासून (वाळवीपासून) ते सुरक्षित असते हे खरे, पण ते गाभ्यापुरतेच. गाभ्यातील नैसर्गिक तेल आणि टेक्टोक्विनोन हे द्रव्य उधईला दूर ठेवते. सालीलगतच्या पांढुरक्या लाकडाला हे संरक्षण नसते. एका खासगी आरा गिरणीतून आलेल्या आमच्या खिडकीच्या पट्ट्यांना असा पांढरा काठ राहिला होता. तेवढ्याच भागाचा किड्यांनी भुगा केला आणि शेजारचा सोनेरी-तपकिरी गाभा शाबूत राहिला. २०२३ साली अयोध्येच्या राम मंदिराच्या दारांसाठी याच जिल्ह्यातून सागवान गेले, तेव्हापासून भेटेल तो विक्रेता आपली फळी ‘बल्लारशाची’ (म्हणजे बल्लारपूरची) म्हणून सांगतो. गावाच्या नावापेक्षा फळीची कड पाहावी, पांढरा भाग काढून उरेल तेवढ्याच घनफुटांचे पैसे द्यावेत आणि मालाचा वाहतूक परवाना मागून घ्यावा.

घनमीटरला सुमारे ६५० किलो वजनाचे हे लाकूड कापायला सोपे असले, तरी त्यातील सिलिकामुळे रंध्याची धार लवकर जाते. सुताराने मजुरी थोडी जास्त सांगितली तर ती रास्त समजावी. तेलकटपणामुळे चिकटवण्याचा सरस नीट धरत नाही, म्हणून सांधे जोडण्यापूर्वी पृष्ठभाग थिनरने पुसून घ्यावा लागतो.

मात्र कुऱ्हाडीचा दांडा किंवा बैलगाडीचा आस सागवानाचा करू नये. अचानक बसणारे हादरे सोसण्यात धावडा या झाडाचे लाकूड त्याच्यापेक्षा कितीतरी सरस आहे आणि आपल्या भागात ते जुन्या काळापासून याच कामाला वापरले जाते. बाहेरच्या दाराचा रंग उन्हाने राखाडी पडतो, पण त्याने लाकूड कमकुवत होत नाही. रंग टिकवायचाच असेल तर उन्हाळ्याआधी जवसाच्या तेलाचा पातळ हात फिरवावा.