मेसेज बंद करायला गेले आणि ३८,५०० रुपये घालवून बसले

आधीच सांगते, मी अगदीच भोळी नाहीये. लॉटरीवाला, केवायसीवाला, आज रात्री तुमची लाईट कापणार म्हणणारा, हे सगळे मला पाठ आहेत, दिसले की डिलीट. पण मी फसले ती नेमकी हे असले मेसेज बंद करायच्या नादात, म्हणून तर सांगायला लाज वाटतेय.

बडोद्यात दांडिया बाजारात राहतो आम्ही, मी घरून फराळाच्या ऑर्डरी घेते. नंबर गेली अकरा वर्षं तोच, पत्रकांवर छापलेला, अर्ध्या गावाकडे असेल, त्यामुळे बदलायचा प्रश्नच नाही. आणि नवरात्र जवळ आलं की बघायलाच नको, गरब्याचे सीझन पास, भायलीत टू बीएचके, दोन मिनिटांत लोन, रमी खेळा, दिवसभर टुंग टुंग. त्या दिवशी भाजणी भाजत होते, हरभऱ्याची डाळ कढईत, फोन वाजला, म्हटलं ऑर्डर असेल, पदराला हात पुसून बघायला गेले तर गुडघेदुखीचं तेल! परत येईपर्यंत डाळ करपली. दोन किलो डाळ टाकून दिली, डोकं फिरलेलंच होतं आणि तासाभरातच मेसेज आला, तुमच्या नंबरवर डीएनडी, म्हणजे जाहिरातींचे मेसेज बंद करायची सोय, चालू करा, फी फक्त ५ रुपये, खाली लिंक.

साध्या दहा आकडी नंबरवरून आलेला होता, तिथेच कळायला हवं होतं. मी लिंक दाबली, नाव-नंबर भरला, लगेच एकाचा फोन. इतका गोड बोलत होता गुजरातीत, "बेन, चिंता ना करो" वगैरे. व्हॉट्सअॅपवर एक फाईल पाठवली, एपीके असते ना, फोनमध्ये थेट अॅप टाकायची, ती. फोनने स्वतः सांगितलं हो, अनोळखी ठिकाणचं अॅप आहे, धोका असू शकतो, तर हा म्हणे ते सगळ्यांनाच येतं, अलाऊ करा. मग विचारलं की मेसेजसाठी हेच अॅप ठेवायचं का, तेही हो. ५ रुपये डेबिट कार्डाने भरले, म्हणजे कार्डाचा नंबर, तारीख, मागचे तीन आकडे, सगळं माझ्या हाताने.

आणि खरी गंमत पुढे आहे. मेसेज खरंच बंद झाले! संध्याकाळभर फोन गप्प. मी ह्यांना कौतुकाने सांगितलं, बघा ५ रुपयांत काम झालं. शांतता कसली, येणारा प्रत्येक मेसेज ते अॅप गिळत होतं आणि तिकडे पाठवत होतं, त्यात बँकेचे ओटीपी आणि पैसे कापल्याचे मेसेजही. रात्री दोनच्या सुमारास १५,०००, १५,००० आणि ८,५०० असे तीनदा गेले, मी घोरत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मांडवीत किराणावाल्याकडे तुपाचा डबा घेतला, स्कॅन केलं तर शिल्लक अपुरी. पुन्हा केलं, तेच. मागे लाईन लागलेली. बँकेचं अॅप उघडलं तेव्हा समजलं, डबा तिथेच ठेवून घरी आले.

भाचा इथेच असतो, इंजिनिअरिंगला, तो धावत आला. त्याने पहिल्यांदा फोनचं नेट बंद केलं, ह्यांच्या फोनवरून बँकेला सांगून कार्ड ब्लॉक, मग १९३० ला फोन. हा नंबर आत्ताच सेव्ह करून ठेवा, सायबर फसवणुकीचा आहे, पैसे पुढे सरकायच्या आत अडवता येतात, म्हणून जितकं लवकर कळवाल तितकं बरं. माझे ११,००० कुठल्याशा खात्यात अडकवून ठेवलेत म्हणाले, हातात अजून काही नाही, बाकीचे काढून झालेले. बँकेत गेले तर नियम दाखवला, रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा, आपणच माहिती दिली असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. वाद घालायला तोंडच नव्हतं.

आता खरं डीएनडी कसं करतात ते. फुकट आहे!! इंग्रजीत स्टार्ट लिहायचं, जागा सोडून शून्य, आणि १९०९ वर पाठवायचं, किंवा १९०९ ला फोन करायचा. कुणीही घरबसल्या फोन करून अॅप टाकायला लावत नाही. अर्थात डीएनडीने जाहिराती कमी होतात, असले चोर नाही, ते कुठलंही सिम घेऊन मेसेज टाकतात. आणि भाच्याने एक दाखवलं, २०२५ पासून कंपन्यांच्या मेसेजला पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक अक्षर असतं, जाहिरातीला पी, सर्व्हिसचा एस, व्यवहाराचा टी, सरकारी असेल तर जी. माझ्या त्या ५ रुपयेवाल्याला यातलं काहीच नव्हतं, नुसता मोबाईल नंबर. असा संशयी मेसेज आला आणि पैसे गेले नसतील तर संचार साथी या सरकारी साईटवर चक्षू म्हणून सोय आहे तिथे टाकता येतो.

फोन पूर्ण रीसेट केला, त्यात गेल्या दिवाळीच्या ऑर्डरींची यादी पण गेली, ती कुठे उतरवलेली नव्हती. सासूबाईंना आकडा अजून सांगितलेला नाही, दहा हजार गेले असंच सांगितलंय. काल पुन्हा गरब्याच्या पासचा मेसेज आला, आधी शेवटचं अक्षर बघितलं, पी होतं, आणि खरं सांगू का, फोन वाजला म्हणून जरा बरंच वाटलं.