हवेवर चाललेलं इंजिन

पिस्टनची ये-जा नाही, व्हॉल्व्ह नाहीत, कंपन नाही, आकार डब्याएवढा आणि ताकद मात्र मोटारीची. असं इंजिन घेऊन कोणी दारात आलं, तर आधी एक्झॉस्टजवळ हात नेऊन बघा. आम्हा भागीदारांना ज्याने गंडवलं, त्याच्या डेमोत तो पाइप थंडगार होता. बाहेरून चक्क दव धरलं होतं. टेबलाखालून कॉम्प्रेसरची नळी आली होती. विचारलं तर उत्तर तयार: "सुरक्षिततेसाठी आज हवेवर फिरवतोय. पेट्रोल पुढच्या टप्प्यात." तो टप्पा काही आला नाही. हप्ते मात्र वेळेवर मागितले गेले.

दाबाच्या हवेवर दंतवैद्याचं ड्रिलसुद्धा फिरतं, त्याला कोणी इंजिन म्हणत नाही. खरी परीक्षा ज्वलनाची आणि सीलची, म्हणजे पेटलेला वायू फटींतून निसटू न देणाऱ्या पट्ट्यांची.

त्याच्या रचनेत कड्याच्या आकाराची पोकळी होती आणि तीत एकमेकांचा पाठलाग करणारे चार पिस्टन. "सगळं एकाच दिशेने फिरतं, मग धक्के कुठून येणार?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. प्रत्यक्षात एक जोडी थबकते तेव्हा दुसरी धावते, मग उलट. प्रत्येक फेरीत हे अनेकदा होतं आणि सगळा मार गिअरवर बसतो. सीलचा विषय काढला की साहेब माझदाने १९९१ साली वांकेल इंजिनावर (यात पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो) जिंकलेल्या ल मां या २४ तासांच्या मोटार शर्यतीवर घसरायचे. एनएसयू या जर्मन मोटार कंपनीचं नाव कधी तोंडात नाही! त्यांची आरओ ८० ही वांकेल इंजिनाची गाडी १९६७ साली आली, तिचं कौतुकही झालं. पण रोटरच्या टोकांची सील झिजायला लागली आणि वॉरंटीत इंजिनं बदलून देता देता कंपनी जेरीस आली. माझदाने सील बरीच सुधारली. तरी ज्वलनकक्ष लांबट आणि चपटा असल्यामुळे इंधन पुरतं न जळण्याची खोड या इंजिनाची पाठ सोडत नाही. मोठ्या कंपन्यांची ही गत, आणि याच्या शेडमध्ये म्हणे सगळं सुटलं होतं.

अश्वशक्तीचा आकडा डायनोवर, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, लोड देऊन मोजलेला नव्हता; फेरीतले स्फोट गुणिले आरपीएम, एवढाच कागदी गुणाकार. इंधनाचा दावा त्याहून अचाट: एका किलोवॅट-तासाला ६० ग्रॅम पेट्रोल. किलोभर पेट्रोलमध्ये साधारण १२ किलोवॅट-तास ऊर्जा असते. म्हणजे कणभरही उष्णता वाया गेली नाही तरी ८० ग्रॅमच्या वरच लागतं, आणि नेहमीचं चांगलं इंजिन २५० च्या आसपास घेतं. त्यामुळे 'लिटरमागे किती किलोमीटर' यावर भुलू नका. इंधन वजन करून घाला, लोडवर चालवायला लावा, तेही तुमच्या माणसासमोर. पेटंट म्हणून दाखवलेला कागद निव्वळ अर्जाची पावती होती. पेटंट मिळालेलं असतं तरी इंजिन टिकेल याची हमी त्यातून मिळत नाही.

फोन उचलणं बंद झाल्यावर आम्ही शेडमध्ये राहिलेलं ते मॉडेल एका मेकॅनिककडून उघडून घेतलं. स्पार्क प्लग खरा, वायरही खरी. प्लगखालचं भोक मात्र आरपार नव्हतंच; पोकळीपर्यंत ठिणगी पोहोचायला वाटच ठेवलेली नव्हती. आत काजळीचा कणही नाही.

त्याचे फोटो काढून तक्रारीला जोडले आहेत. करारात 'संशोधनात अपयश येऊ शकते' असं कलम आहे आणि तो त्याचाच आधार घेतोय. आमच्या वकिलांची भिस्त त्या न पाडलेल्या भोकावर आहे.