मुंबई–नागपूर विमानसेवा: तिकिटावरचा दीड तास आणि प्रत्यक्षातला वेळ

मुंबई आणि नागपूर यांमधील हवाई अंतर साधारण 680 किलोमीटर आहे. लोहमार्गाने तेच 837 किलोमीटर भरते, तर नागपूरहून निघून भिवंडीजवळच्या आमणे येथे संपणारा समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा असून आमण्यापासून पुढे मुंबईत शिरण्याची कसरत त्यात धरलेली नाही. साहजिकच तिकिटावर छापलेला दीड तास पाहून विमानाचा मोह होतो, आणि त्या मोहाला कितपत बळी पडावे, हे ठरवताना हा दीड तास बनतो कसा, ते पाहावे लागते.

विमान उंचीवर स्थिरावल्यावर ताशी सुमारे 800 किलोमीटर वेगाने जाते, त्यामुळे निव्वळ गणिताने हे अंतर पन्नासएक मिनिटांत संपायला हवे. परंतु वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हलल्यापासून ते दुसऱ्या विमानतळावर उभे राहीपर्यंतचा असतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्याने दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्रपणे उड्डाणे होत नाहीत, आणि त्या गर्दीपायी होणारा खोळंबा कंपन्या वेळापत्रकातच मिसळून ठेवतात. म्हणूनच नागपूरला वेळेआधी उतरल्याची घोषणा ऐकून फार हुरळून जाऊ नये. परतीच्या संध्याकाळच्या विमानात मात्र हीच उसनवारी अंगाशी येते, कारण उतरण्याची परवानगी मिळेपर्यंत आकाशात घिरट्या घालण्यात वीस-पंचवीस मिनिटे सहज जातात.

सामान द्यायचे असल्यास खिडकी उड्डाणाच्या तासभर आधी बंद होते. त्यात विमानतळापर्यंतचा रस्ता आणि सुरक्षा तपासणी मिळवली, तर दादरच्या घरातून धरमपेठेतल्या घरी पोहोचायला पाच तास लागतात, असे धरून चालावे. भुयारी मेट्रो दोन्ही टर्मिनलांपर्यंत गेल्यापासून मुंबईतला रस्त्याचा बेभरवसा कमी झाला आहे. नागपूरचे टर्मिनल लहान आहे आणि हाच त्याचा मोठा गुण. सामान लवकर हाती येते आणि बाहेर पडताना पायपीट होत नाही. तेथील मेट्रो स्थानक मात्र वर्धा मार्गावर असल्याने अखेरच्या टप्प्यासाठी रिक्षा शोधावीच लागते. (या विमानतळाचा पूर्वीचा तोरा वेगळा होता: 1949 साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून आलेली विमाने मध्यरात्री येथे एकत्र येत आणि टपालाची अदलाबदल करून परत फिरत.)

दुरांतो एक्सप्रेसला सुमारे अकरा तास लागतात, परंतु त्यांतील बरेचसे झोपेत जातात; विमानाचे पाच तास मात्र पूर्ण जागेपणी, रांगेत आणि तुकड्यातुकड्याने खर्च होतात. सकाळी जाऊन त्याच दिवशी काम उरकायचे असेल आणि सोबत केवळ हातातली बॅग असेल, तर विमानाला पर्याय नाही आणि जास्तीचे पैसे वसूल होतात. मुक्काम दोन दिवसांहून अधिक असल्यास, विशेषतः परतीसाठी, मी रात्रीची गाडीच सुचवीन. डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते, तेव्हा विमानाचे भाडे भडकते. त्या दिवसांत जाणे अटळ असेल, तर अधिवेशनाच्या तारखा जाहीर होताच तिकीट काढावे.