जर्मन खाटकाच्या दारात नऊ महिने

पहिल्या दिवशी मी फसलो, पण त्यात दुकानाचा काही दोष नव्हता. काचेमागे हॅमच्या ट्रेवर 2,49 ची पाटी होती. मनात म्हटलं, अडीच युरो किलो? रुबाबात एक किलो सांगितलं. काउंटरवरच्या बाईंनी एकदा माझ्याकडे, एकदा दाराकडे पाहिलं (मागून वऱ्हाड येतंय का ते बघत असाव्यात) आणि मशीनवर पातळ काप पाडायला सुरुवात केली. ढीग वाढत गेला, आजूबाजूची माणसं गप्प होत गेली. बिल आलं 24 युरो 90 सेंट. इथे पाटीवरचा भाव 100 ग्रॅमचा असतो, हे मला असं कळलं. पुढचे पाच दिवस सकाळ-संध्याकाळ हॅम खाल्लं.

ही नोव्हेंबरातली गोष्ट. आता जुलै संपत आलाय आणि मी जवळपास दर शनिवारी तिथे असतो, म्हणून लिहायला बसलो.

मी राहतो स्टुटगार्टच्या बाहेर, ब्योब्लिंगेनच्या बाजूला, एस1 लोकलच्या लाइनवर. मोटारींच्या कारखान्यांचा पट्टा, त्यामुळे पुणे-चाकणकडची मंडळी बरीच. मी मूळचा कोल्हापूरचा. रविवारी सकाळी पिशवी घेऊन मटणाच्या दुकानापुढे उभं राहायचं आणि ‘मांडीचं द्या, नळी टाका, चरबी बेतानं’ म्हणायचं, ही सवय काही सुटलेली नव्हती. इथे सुपरमार्केटात सगळं प्लास्टिकच्या खोक्यात, बोलायचं कुणाशी? स्टेशनमागच्या गल्लीत ‘मेट्सगराय’ अशी पाटी दिसली आणि पाय आपोआप वळले. दक्षिण जर्मनीत खाटकाला मेट्सगर म्हणतात, उत्तरेला आणि पूर्वेला दुसरे शब्द आहेत. दुकानाचं नाव देत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत.

आधी वेळा सांगतो, नाहीतर फेरी फुकट जाईल. सोमवारी बंद. शनिवार सोडून रोज साडेबारा ते अडीच बंद. बुधवारी दुपारनंतर बंद. शनिवारी एक वाजता शटर खाली, रविवारी तर सगळा देशच बंद. पुण्याच्या ‘एक ते चार’ची टिंगल करण्यात माझं अर्धं कॉलेज गेलं, त्याची भरपाई आता करतोय. नोकरी करणाऱ्याला हाती उरते ती फक्त शनिवारची सकाळ, आणि तेव्हा सगळं गाव तिथे असतं. रांग नसते. कोण कोणाच्या नंतर आलं हे ज्याचं त्याने लक्षात ठेवायचं. आत शिरताना सगळ्यांना मिळून एक ‘ग्र्युस गॉट’, निघताना ‘अदे’. हे दोन शब्द विसरलात तर कोणी काही बोलणार नाही, पण लक्षात ठेवतील.

मापं मात्र मला पहिल्यापासून घरची वाटली. जर्मन फुंट म्हणजे बरोबर 500 ग्रॅम. अर्धा फुंट म्हणजे आपला पावकिलो, आणि पाव फुंट म्हणजे 125 ग्रॅम, चक्क अदपाव! आजीनंतर अदपाव या मापात कोणी काही मागताना मी ऐकलं ते थेट श्वाबेनमध्ये, म्हणजे स्टुटगार्टच्या आसपासच्या या मुलखात. लहान पोर सोबत असेल तर बाई न विचारता सॉसेजची एक चकती त्याच्या हातात देतात. कोथिंबिरीची काडी टाकल्यासारखंच ते.

आता मुद्द्याचं. आमच्या घरी बीफ येत नाही. डुक्कर मी खातो, बायको फक्त कोंबडी आणि मटण खाते. अशा घराने जर्मन खाटकाकडे जावं की नाही? जावं, पण विचारून. इथली वुर्स्ट, म्हणजे सॉसेजं, बहुतेक वेळा मिश्र असतात. झायटन नावाची लांब, बारीक, जोडीने मिळणारी सॉसेजं डुकराची असतील असं मी धरून चाललो होतो. दुसऱ्या महिन्यात सहज विचारलं, तर बाईंनी आतून मालकांना हाक मारली. पांढऱ्या डगल्यातला, साठीचा, मोठ्या पंजांचा माणूस बाहेर आला. ते स्वतः माइस्टर, म्हणजे या कामातले प्रमाणित उस्ताद, खाटीककामाची पदवी भिंतीवर फ्रेममध्ये. त्यांनी माझा प्रश्न ऐकला आणि काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवत गेले: यात गाय आहे, यात नाही, यात थोडी, यात वासरू. झायटनमध्ये गाय होती. लांडयेगर, म्हणजे ती चपटी, वाळवलेली, धुरी दिलेली कांडी, तिच्यातही. ब्लॅक फॉरेस्टचं धुरकट हॅम निव्वळ डुकराचं. ‘टर्कीचं सॉसेज’ म्हणून जे ठेवलं होतं, त्यात डुकराची चरबी! बायकोसाठी तेच नेत होतो मी, दोन महिने. (हे तिला सांगितलं. तो शनिवार वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

एवढं कुठल्या लेबलने मला सांगितलं नसतं असं नाही. पाकीटबंद मालावर घटक छापलेले असतात, कायदाच आहे. पण लेबल वाचायला आधी शंका यावी लागते. हे गृहस्थ माल स्वतः बनवतात, त्यामुळे एका प्रश्नाला पाच उत्तरं मिळतात. त्या दिवसापासून मी काचेपुढे उभा राहिलो की बाई स्वतःहून म्हणतात, ‘हे चालेल तुम्हाला, ते नको.’

शाकाहारी मित्रांसाठीही याच दुकानात एक सापळा आहे. बटाट्याचं सॅलड. दिसायला इतकं सोज्वळ की उपासाला चालेल असं वाटावं. पण श्वाबेनमध्ये ते मेयोनीजऐवजी मांसाच्या गरम रश्श्यात कालवतात. लाल कोबीच्या भाजीत चरबी असते. मसूर शिजवतात त्यातसुद्धा डुकराचे तुकडे. ऑफिसच्या पार्टीला इथून डबे मागवणार असाल तर आधी विचारा. मी विचारलं नव्हतं, आमच्या टीममधल्या जोशीबुवांनी दोनदा वाढून घेतलं.

मटणाची कथा वेगळी. मार्चमध्ये पाहुणे येणार होते आणि तांबडा-पांढरा करायचा होता. काचेत मटण कधीच दिसत नाही, सांगून ठेवावं लागतं. श्वाबियन आल्बच्या डोंगरपठारावर मेंढ्यांचे मोठे कळप चरतात, तिकडचं कोवळं लॅम्ब येतं, ईस्टरच्या आसपास जास्त. खांद्याचं दोन किलो मागितलं. माइस्टर म्हणाले, हाडं काढून देतो. म्हटलं, नको, हाडांसकट. बरं, मग अख्खा खांदा ओव्हनमध्ये घालणार का? नाही, लहान तुकडे. किती लहान? मी बोटाने दोन पेरं दाखवली. ते थांबले. ‘हाडांसकट? एवढे?’ त्यांना तो मालाचा अपमान वाटला असावा. मी रश्शाचं सांगितलं, नळीतला मगज ओढून खायचं सांगितलं. मग त्यांनी मान डोलावली, आत गेले, करवतीचा आवाज आला.

इथे एक धडा. आपल्याकडे ओंडक्यावर सुऱ्याचा घाव बसतो, हाड चिरतं. इथे विजेच्या पट्टी-करवतीवर कापतात आणि प्रत्येक तुकड्याला हाडाचा भुसा चिकटतो. नीट धुतलं नाही तर रश्शाच्या तळाला कचकच. पहिला पांढरा रस्सा तसाच झाला. दुसऱ्या वेळी त्यांनीच सांगितलं की करवतीनंतर ब्रशने साफ करून दिलंय, आणि वर एक जास्तीची नळी पिशवीत टाकली होती. पैसे न लावता. कोल्हापूर सोडून नऊ वर्षं झाली, कुणी न मागता नळी टाकली नव्हती.

तरी प्रामाणिकपणे सांगतो, रोजच्या मटणासाठी तुर्की खाटकाकडेच जावं. तिथे सांगून ठेवावं लागत नाही, तुकडे करणं हा त्यांच्या सवयीचा भाग आहे, आणि हलाल हवं असणाऱ्यांचा प्रश्नही सुटतो. बोकड मात्र मला या दुकानात मिळालं नाही.

मग जर्मन दुकानातून घ्यायचं काय? पहिला नंबर माउलटाशन. करंजी चपटी करून चौकोनी केली असं समजा: पिठाच्या पारीत सॉसेजचा कच्चा खिमा, पालक, कांदा, भिजवलेला पाव. रश्श्यात घालून खातात किंवा काप करून अंड्यासोबत परततात. ‘श्वेबिश’, म्हणजे श्वाबेनच्या, माउलटाशनला 2009 पासून युरोपियन युनियनचं भौगोलिक संरक्षण आहे. गंमत त्याच्या टोपणनावात आहे: ‘देवाला गंडवणारे’. आख्यायिका अशी की माउलब्रोनच्या मठातल्या साधूंना उपासाच्या दिवसांत मांस मिळालं, तर त्यांनी ते पालकात कालवून पारीत लपवलं, म्हणजे वरून देवाला दिसायला नको. आमच्याकडे श्रावणात घरी न शिजवता बाहेर जाऊन खाणाऱ्यांनी या साधूंना गुरू मानावं. आमच्या दुकानात मिळणारे डुकराचेच असतात, हेही विचारून घेतलेलं आहे.

दुसरं म्हणजे लाल आणि पांढरी भाजायची सॉसेजं. तीन आठवडे मला वाटत होतं लाल म्हणजे तिखट. तसं काही नसतं. लाल रंग मिठातल्या नायट्राइटचा, पांढऱ्यात ते नसतं, मुख्य फरक तोच. माइस्टरांनी एकदा आतलं मोठं फिरणारं भांडं दाखवलं. मांस, चरबी आणि ओंजळ-ओंजळ बर्फ. बर्फ कशाला? पात्यांच्या वेगाने मिश्रण तापलं की चरबी वेगळी सुटते आणि सगळा घाणा वाया जातो. ताक घुसळताना लोणी सुटावं तसं, फक्त इथे ते सुटू द्यायचं नसतं. घरी आणल्यावर झायटन उकळू नका, फुटतात. पाणी गरम करायचं, गॅस बंद करायचा, मग सॉसेज सोडायची.

खिमा मागितला तर समोर काढून देतात, आणि हवा तेवढाच. पिशवीऐवजी आपला डबा चालतो, फक्त तो काउंटरवर ठेवलेल्या ट्रेमध्ये ठेवायचा, त्यांचा हात डब्याला लागत नाही. फ्रीझरमध्ये टाकायचं असेल तर हवा काढून पॅक करून देतात, आमच्याकडे याचे वेगळे पैसे घेत नाहीत.

वसईचा एक सहकारी आहे, ख्रिस्ती, डुकराचं मांस त्याच्या घरचं. त्याला एकदा घेऊन गेलो. माझ्यासारखा तो काचेत बघत बसला नाही, थेट म्हणाला, पोटाकडचं द्या, कातडीसकट, आणि कलेजी. माइस्टर खूश. नाताळात त्याने सोरपोतेल (डुकराचं मांस आणि कलेजीचं आंबट-तिखट कालवण) केलं आणि एक डबा दुकानात नेऊन दिला. पुढच्या शनिवारी माइस्टर एवढंच म्हणाले, ‘व्हिनेगर छान. मिरची खूप.’ मग दोघं गोव्याच्या चोरिससंबंधी वीस मिनिटं बोलले, कच्च्या सॉसेजला इथे धूर आणि तिकडे व्हिनेगर-मिरची का, यावर. मागे माणसं उभी होती. कोणी कुरकुर केली नाही, उलट एक आजीबाई कान देऊन ऐकत होत्या.

डुकराचं मांस घ्यायचं तर ‘श्वेबिश हाल’ जातीचं आहे का विचारा. डोकं आणि मागचा भाग काळा, मध्ये पांढरा पट्टा असलेला हा प्राणी. 1820 च्या सुमारास वुर्टेमबेर्गच्या राजाने चीनहून आणलेल्या डुकरांच्या संकरातून ही जात आली असं सांगतात. लोकांना बिनचरबीचं मांस हवंसं झालं आणि 1980 च्या दशकात ती संपायला आली होती, मग काही शेतकऱ्यांनी उचलून धरली. मांस गडद, चरबी भरपूर. महाग आहे, पण कढईत पाणी सोडत नाही. साधं मांस आणि हे, दोन्ही एकदा शेजारी-शेजारी परतून बघा.

आता तक्रारी. उन्हाळ्यात काचेचा अर्धा भाग मसाला लावून ठेवलेल्या मांसाने भरतो. लालभडक, तेलकट, आपला तांबडा आठवावा असं. चवीला मीठ आणि गोडसर पापरिका, बस्स. दोनदा आणलं, पुन्हा नाही आणणार. साधं घ्या, मसाला घरी लावा. कोंबडी इथे सुपरमार्केटपेक्षा महाग आहे आणि मला चवीत फरक कळलेला नाही. दहा युरोंच्या खाली कार्ड चालत नाही. एका शनिवारी हॅम जुनं निघालं, कडेला वाळलेलं. सोमवारी बंद, मंगळवारी मी ऑफिसात, बुधवारी दुपारी बंद, म्हणून गुरुवारी दाखवायला नेलं, तर बाई म्हणाल्या पाच दिवसांनी काय सांगू. त्यांचं चुकलं नाही, पण माझंही नाही.

आणि खर्च. मिश्र खिमा सुपरमार्केटच्या जवळपास दीडपट. आधी आम्ही आठवड्यातून चारदा मांस खायचो, आता दोनदा खातो आणि महिन्याचा खर्च तेवढाच येतो. बायकोचं म्हणणं, हे आधीच करायला हवं होतं.

गेल्या शनिवारी दारावर हाताने लिहिलेली पाटी लागली: ऑगस्टमध्ये तीन आठवडे सुट्टी. बाईंनी विचारलं, तुमचं काय करायचं? मी लॅम्बचा खांदा सांगून ठेवलाय, हाडांसकट, दोन पेरांचे तुकडे, दोन पाकिटांत. मोजून दाखवायला यावेळी बोट वर करावं लागलं नाही.