मंत्राचा परिणाम नेमका केव्हा? नव्या गटासाठी तीन नियमावल्यांची तुलना

साताऱ्यात या पावसाळ्यात, टेबलाभोवती बसून काल्पनिक पात्रांची साहसे खेळणारा एक नवा खेळगट जमतो आहे आणि कोणते नियम घ्यावेत, हा प्रश्न त्यांनी आम्हा सांगलीकरांपुढे ठेवला आहे. त्यांच्यासमोर तीन पर्याय आहेत: डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीची २०१४ ची नियमावली, तिचीच २०२४ ची सुधारित नियमावली आणि त्याच धाटणीच्या पाथफाइंडर या खेळाची २०१९ साली आलेली दुसरी आवृत्ती. मी येथे एकाच अंगाने तुलना करणार आहे, ती म्हणजे लढाईत मंत्राचा परिणाम केव्हा लागू होतो आणि केव्हा संपतो. विश्रामबागेत दर रविवारी आम्ही खेळायला बसतो आणि आमचे बहुतेक वाद मंत्र किती जबर आहे यावरून नव्हे, तर त्याची वेळ झाली की नाही यावरून झाले आहेत.

तिन्हींमध्ये एक फेरी ६ सेकंदांची असते, म्हणजे एक मिनिट टिकणारा मंत्र १० फेऱ्या चालतो. कल्पनेत सगळे एकाच वेळी लढत असले तरी टेबलावर प्रत्येकाची पाळी ओळीने येते, त्यामुळे प्रत्येक परिणाम कुणाच्या तरी पाळीच्या सुरुवातीला किंवा शेवटाला बांधावा लागतो. ‘शील्ड’ या बचावाच्या मंत्राचे संरक्षण मंत्र टाकणाऱ्याच्या पुढच्या पाळीच्या सुरुवातीपर्यंत टिकते. ‘गायडिंग बोल्ट’ हा हल्ल्याचा मंत्र लागलेल्या शत्रूवरच्या पुढच्या हल्ल्याला मिळणारी सवलत मात्र त्या पाळीच्या शेवटापर्यंत शिल्लक राहते, म्हणून मधल्या कुणी ती वापरली नसेल तर मंत्र टाकणाऱ्याला स्वतःलाच तिचा लाभ घेता येतो. ‘सुरुवात’ आणि ‘शेवट’ या दोन शब्दांतला हा फरक नवख्या खेळाडूला पहिल्याच दिवशी समजावून सांगावा.

२०१४ आणि २०२४ यांतला खरा फरक जागा व्यापणाऱ्या मंत्रांत दिसतो. आम्ही आयर्विन पुलावर बेतलेला एक नकाशा वापरतो. त्यावर गॉब्लिन नावाच्या छोट्या राक्षसांनी वाट अडवली आहे आणि आमची क्लेरिक, म्हणजे दैवी शक्तीने मंत्र टाकणारे पात्र, ‘स्पिरिट गार्डियन्स’ टाकून, भोवती शत्रूंना इजा करणारे १५ फुटांचे वलय घेऊन त्यांच्यावर चालून जाते, असे धरा. २०१४ च्या नियमांनुसार ती जवळ गेल्याने गॉब्लिनांना काहीच होत नाही, कारण वलय त्यांच्यावर येणे म्हणजे त्यांनी वलयात शिरणे नव्हे. इजा होते ती प्रत्येक गॉब्लिनची पाळी सुरू होताना. ‘मूनबीम’ या प्रकाशझोताच्या मंत्राचेही तसेच आहे: मंत्र टाकला, पण फासे टाकायचे ते समोरच्याची पाळी आल्यावर. तोवर खेळाडूचे लक्ष दुसरीकडे गेलेले असते आणि डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, हमखास विसरतो. आमच्याकडे एका संध्याकाळी तीन वेळा असे झाले आणि झालेल्या पाळ्या उलटवून पुन्हा हिशेब करावा लागला.

२०२४ मध्ये वलय शत्रूच्या जागेवर आले की तत्क्षणी इजा होते. शत्रू स्वतः आत शिरला किंवा त्याने आपली पाळी आत संपवली तरीही होते, मात्र एका पाळीत एकदाच. मंत्र टाकणाऱ्याला परिणाम समोर दिसतो, आणि शत्रूलाही आपल्या पाळीत बाहेर पळून दुसरा मार चुकवण्याची संधी मिळते, जी २०१४ मध्ये नव्हती, कारण तिथे हलण्याआधीच इजा झालेली असे. ही मर्यादा पाळीची आहे, फेरीची नाही, त्यामुळे क्लेरिकच्या पाळीत एकदा आणि शत्रूच्या स्वतःच्या पाळीत पुन्हा एकदा इजा होऊ शकते. मंत्र त्यामुळे बराच प्रबळ झाला आहे आणि डीएमने शत्रूंची संख्या ठरवताना हे जमेस धरावे. तरीही मला हीच रचना अधिक न्याय्य वाटते.

समोरच्याला जखडून ठेवणाऱ्या ‘होल्ड पर्सन’सारख्या मंत्रांत दोन्ही वर्षी पद्धत एकच आहे. जखडलेला आपल्या प्रत्येक पाळीच्या शेवटी सुटकेचा फासा टाकतो, म्हणजे त्याची निदान एक पाळी सहसा वाया जातेच.

पाथफाइंडरची शिस्त निराळी आहे. फेऱ्यांत मोजलेला मंत्र टाकणाऱ्याच्या प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला एकाने कमी होतो. टाकणारा मेला तरी मोजणी त्याच्याच क्रमावर चालू राहते. सतत जळण्यासारखी इजा पाळीच्या शेवटी होते आणि त्यानंतर २० पैलूंच्या फाशावर १५ किंवा अधिक पडल्यास थांबते. आकड्यात मोजली जाणारी भीतीही पाळीच्या शेवटीच एकाने उतरते. काही मंत्र टिकवण्यासाठी पाळीतल्या तीन कृतींपैकी एक खर्चावी लागते, पण डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये मार बसला की चालू मंत्रावरची एकाग्रता टिकवण्यासाठी जसा फासा टाकावा लागतो, तसा येथे लागत नाही. ज्यांना नियम काटेकोर आणि एकसारखे हवेत त्यांना हे फार आवडेल. मात्र एकाच पात्राच्या अंगावर चार परिणाम असले की पाळीच्या दोन्ही टोकांना थांबून मोजणी करावी लागते.

साताऱ्याच्या गटात सहाजण आहेत, त्यांतले चौघे प्रथमच खेळणार आहेत आणि कराडहून येणाऱ्या दोघांना संध्याकाळची एसटी गाठायची असल्याने त्यांच्या हाती जेमतेम तीन तास असतात. त्यांनी २०२४ ची नियमावली घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. गट चौघांचा आणि दर आठवड्याला पूर्ण दिवस देणारा असता, तर मी पाथफाइंडर सुचवले असते. २०१४ ची पुस्तके घरात आधीपासून असतील तर त्यांतली साहसे खुशाल वापरावीत, पण एकाच टेबलावर दोन्ही नियमावल्यांतले मंत्र मिसळू नयेत. एकाचे ‘मूनबीम’ पाळीच्या सुरुवातीला आणि दुसऱ्याचे शेवटी लागू लागले तर डीएमची फार ओढाताण होते. २०२४ च्या मूलभूत नियमांचा मोफत दस्तऐवज उपलब्ध आहे. त्यातून आपापल्या मंत्रांचा मजकूर छापून घ्यावा आणि ‘सुरुवात’ व ‘शेवट’ हे शब्द दोन वेगळ्या रंगांनी अधोरेखित करून तो कागद प्रत्येकाने समोर ठेवावा.