कोलोसियम आणि पाँपेईचं अँफिथिएटर

आकाराचा सामना एकतर्फी आहे. रोमचं कोलोसियम सुमारे 188 मीटर लांब, 156 मीटर रुंद आणि 48 मीटर उंच. पाँपेई या इटलीतल्या प्राचीन रोमन गावाचं अँफिथिएटर (कोलोसियमसारखंच, लढतींचे खेळ पाहायचं लंबगोल खुलं प्रेक्षागृह) साधारण 135 बाय 104 मीटरचं. पण वयानं पाँपेईचं जवळपास दीडशे वर्षांनी थोरलं, इ.स.पू. 70च्या सुमारास बांधलेलं. त्याची युक्ती साधी आहे: मधला आखाडा जमिनीत खणला, निघालेल्या मातीचा बांध घातला आणि त्यावर प्रेक्षकांच्या रांगा चढवल्या. एका बाजूला गावच्या तटबंदीचाच आधार घेतला. जिने भिंतीला बाहेरून टेकवलेले; आखाड्याखाली तळघर नाही.

कोलोसियम सपाटीवर, कमानींवर कमानी रचून उभं राहिलं आणि इ.स. 80मध्ये खुलं झालं. खरी कमाल त्याच्या दारांची! एकूण 80, त्यांतल्या 76 दारांवर क्रमांक कोरलेले. 23पासून 54पर्यंतचे आजही वाचता येतात. पन्नासेक हजारांची गर्दी वाटून आत घेण्याची ही सोय. रोमन सम्राट डोमिशियनच्या काळात खाली तळघर झालं, तिथून जनावरं यंत्रानं वर आणत.

भव्यतेसाठी कोलोसियम पाहावंच. बांधणी समजून घ्यायची असेल तर मात्र मी आधी पाँपेई सुचवेन.