उत्तर द्यायचं, की धागा गोठवायचा?

समजा, खानापूरच्या मुलीनं फॅन फिक्शनमधल्या, म्हणजे आवडत्या पात्रांवर चाहत्यांनी लिहिलेल्या कथेतल्या, नायिकेच्या तोंडी 'मी जातो की' घातलं आणि खाली प्रतिक्रियेत कुणी लिहिलं, 'आधी व्याकरण शिका.' उत्तर द्यायचं तर एकदाच: बेळगाव-निपाणीकडे बऱ्याच बायका अशाच बोलतात. खऱ्या वाचकाला एवढं पुरतं. गाडी सीमाप्रश्नावर घसरली की मात्र कथा राहते बाजूला आणि जो तो 1956 पासून सुरू होतो.

तेव्हा प्रतिक्रियांचा तो धागा गोठवणं बरं. आर्काइव्ह ऑफ अवर ओन या फॅन फिक्शनच्या संकेतस्थळावर लेखकाला ती सोय आहे. जुना मजकूर दिसतो, नवं उत्तर टाकता येत नाही. शिवीगाळ तर सरळ उडवावी. पण 'नायिका शेवटी त्याला उगाच माफ का करते?' हा प्रश्न कितीही झोंबला तरी गोठवू नये, तो कामाचा आहे.